समूह शाळा : सोय कुणाची?

आंबेगाव तालुक्याला ज्या गावाने आपले नाव दिले, ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. आज तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, बाजारपेठ मंचरला आहे आणि धरणाच्या जलाशयाला याच तालुक्यातील महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. नांदते गाव उचलून दुसरीकडे नेणे म्हणजे काय, हे या भूमीला कोणत्याही शासकीय परिपत्रकाने शिकवण्याची आवश्यकता नाही. म्हणूनच ‘शाळा हलवणे’ हे शब्द गेली काही वर्षे ज्या सहजतेने उच्चारले जात आहेत, ती सहजता येथे अधिक खटकते.

२१ सप्टेंबर २०२३ रोजी राज्याच्या शिक्षण आयुक्तालयाने एक परिपत्रक काढले. वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून मध्यवर्ती ठिकाणी ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव त्यात जिल्ह्याजिल्ह्यांतून मागवण्यात आले. अशा शाळांची राज्यातील संख्या १४ हजार ७८३ आणि त्यांतील विद्यार्थी १ लाख ८५ हजार ४६७ असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. राज्यभर विरोधाचे सूर उमटताच ‘शाळा बंद करण्याचा हेतू नाही’ असा खुलासा झाला. परंतु खुलाशाने परिपत्रक शांत होते, त्यामागची विचारसरणी शांत होत नाही. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या १ हजार ३१४ शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठवण्याचा निर्णय जाहीर झाला होता. पुढे १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने कमी पटाच्या शाळांतील शिक्षकपदांनाच कात्री लावली. मंत्री बदलले, शब्द बदलले. खात्याची दृष्टी मात्र बदलली नाही. लहान शाळा हे त्या दृष्टीला ओझे वाटते.

हिशेबाची भाषा

समूह शाळेच्या समर्थकांचे म्हणणे अगदीच पोकळ आहे, असे नाही. सहा-सात मुलांच्या शाळेत खेळाचा संघ उभा राहत नाही. एकच गुरुजी चार इयत्ता सांभाळतात आणि त्यातच माहितीचे तक्ते भरतात, पोषण आहाराचा हिशेब ठेवतात, निवडणुकीच्या याद्या करतात. प्रयोगशाळा, ग्रंथालय, संगीताचा शिक्षक या गोष्टी वस्तीवरच्या शाळेला स्वप्नातही दिसत नाहीत. मुलाला सवंगडी हवेत, स्पर्धा हवी, हेही खरे. हे दारिद्र्य नाकारण्यात अर्थ नाही.

प्रश्न निदानाचा नसून उपचाराचा आहे. या १४ हजार ७८३ शाळांत २९ हजार ७०७ शिक्षक आहेत, म्हणजे प्रत्येक शाळेमागे सरासरी दोन शिक्षक आणि प्रत्येक शिक्षकामागे सरासरी सहा विद्यार्थी. लेखापालाच्या मेजावर हा आकडा उधळपट्टीसारखा दिसतो. परंतु साठ विद्यार्थ्यांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक असावेत, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच ठरवून दिलेले किमान प्रमाण आहे. किमान जे द्यायचे तेच दिले, तर ती उधळपट्टी कशी? डोंगरातील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्ण थोडे येतात, म्हणून ते उचलून मंचरच्या बाजारात आणावे, असे कोणी म्हणत नाही. शाळेच्या बाबतीत मात्र हा युक्तिवाद बेधडक केला जातो, कारण शाळेवाचून कोणी त्याच दिवशी मरत नाही. नुकसान दहा-पंधरा वर्षांनी दिसते आणि तोवर परिपत्रकावर सही करणारा अधिकारी निवृत्त झालेला असतो.

पैशाची ही सबब नवी नाही. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा परक्या सरकारची एक मुख्य सबब खर्चाचीच होती. १९१२ मध्ये ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांत, १९१७ साली, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. साम्राज्याच्या तिजोरीला जे परवडले नाही, ते एका संस्थानाला परवडले. तेव्हाही प्रश्न तिजोरीच्या आकाराचा नव्हता, इच्छेचा होता.

अंतर कोण मोजणार?

शिक्षण हक्क कायद्यान्वये महाराष्ट्राने केलेल्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी, असे अंतर ठरलेले आहे. हे अंतर मंत्रालयात नकाशावर मोजले जाते. आंबेगावात ते चालून मोजावे लागते.

या तालुक्याचे दोन चेहरे आहेत. पश्चिमेला भीमाशंकर-आहुप्याच्या सह्याद्रीत महादेव कोळी, ठाकर या वनवासी बांधवांच्या वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या आहेत. तेथील पावसाळा म्हणजे काय, हे ३० जुलै २०१४ रोजी साऱ्या देशाने पाहिले. त्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ जणांचा बळी गेला. गाव नाहीसे झाल्याची वार्ता बाहेर आली, ती नेहमीच्या फेरीवर तेथे पोहोचलेल्या एसटीच्या चालकामुळे. जेथे रस्त्याच्या कडेचे आख्खे गाव गाडले जाते आणि एसटीची फेरी येईपर्यंत बाहेर कोणाला त्याची गंधवार्ता नसते, तेथे सहा वर्षांच्या मुलाला चार महिने घाटरस्त्याने दुसऱ्या गावी शाळेला पाठवा, असे सांगणे हे नियोजन म्हणायचे की बेपर्वाई?

पूर्वेला निरगुडसर, अवसरी, पारगाव हा बागायती पट्टा. डिंभ्याच्या पाण्याने येथे ऊस आला, पारगावला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना उभा राहिला, सुबत्ता आली. मळ्यामळ्यांतून वस्त्या वाढल्या. हंगामात बीड-अहिल्यानगरकडील ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडू लागल्या. आणि त्याच उसात बिबट्या वस्तीला आला. जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत, बिबट्या हा वन्यजीवनाचा विषय राहिलेला नाही. तो घराच्या उंबऱ्याचा विषय झाला आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात अवघ्या तीन आठवड्यांत दोन बालके आणि एक वृद्धा बिबट्याला बळी पडली. संतप्त ग्रामस्थांनी मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. मुलांना अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचता यावे, म्हणून बिबट्याप्रवण गावांतील शाळांच्या वेळा बदलण्याची पाळी आली.

एकीकडे प्रशासन शाळेची वेळ बदलते, कारण मुलाने उसाच्या कडेने सायंकाळी चालणे धोक्याचे आहे. दुसरीकडे त्याच प्रशासनाची दुसरी फाईल मुलाचे चालणे वाढवणारी शाळा सुचवते. या दोन फायली एकाच इमारतीत एकमेकींना भेटत नसतील, तर दोष मुलांचा नाही.

गाडीचे आश्वासन

यावर ठरलेले उत्तर तयार असते : ‘वाहनाची सोय करू.’ जेथे शाळा देता येत नाही, तेथे वाहन द्यावे अशी तरतूद नियमांतही आहे. परंतु अपवादासाठी केलेली तरतूद हाच नियम करून टाकणे, ही पळवाट झाली. आणि वाहनाच्या भरवशाचे काय होते, हे ग्रामीण महाराष्ट्राने नुकतेच अनुभवले आहे. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. करोनाने बंद पडलेल्या शाळा उघडत होत्या आणि त्या शाळांपर्यंत पोहोचवणारी एसटी आगारात उभी होती. त्या काळात ज्याची शाळा वस्तीवर होती तो शिकू शकला. ज्याची शाळा फेरीच्या गाडीवर अवलंबून होती तो घरी राहिला, किंवा राहिली. कारण अशा वेळी पहिल्याने घरी राहते ती मुलगी. धाकट्या भावंडाला सांभाळायला, शेळ्यांमागे जायला, पाण्याला जायला ती हाताशी असते, आणि ‘एवढ्या लांब पोरीला कसे पाठवायचे’ हे कारणही पटण्यासारखे असते.

शेजारच्या चीनने हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. २००१ पासून तेथे खेड्यांतील शाळा एकत्र करण्याची मोहीम चालली आणि दहा वर्षांत ग्रामीण प्राथमिक शाळांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. मुले लांबच्या शाळांत गेली, लहान वयात वसतिगृहात राहू लागली, वाहनांत कोंबली जाऊ लागली. नोव्हेंबर २०११ मध्ये गान्सू प्रांतात बालवाडीची मुले नेणाऱ्या नऊ आसनी गाडीत साठाहून अधिक जण होते. अपघातात १९ बालके दगावली. २०१२ मध्ये तेथील सरकारलाच आंधळ्या विलीनीकरणाला लगाम घालावा लागला. ज्या देशात सरकारला विरोध करण्याची सोय नाही, त्या देशाने ही चूक ओळखली. लोकशाही महाराष्ट्राला तीच ठेच पुन्हा खाण्याची हौस का असावी?

परिपत्रकाने पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ यांचे दाखले दिले होते. तोरणमाळची शाळा निवासी आहे. दुर्गम सातपुड्यात निवासी शाळेचा विचार समजण्यासारखा आहे. पण निवासी शाळेचे यश दाखवून दररोज ये-जा करायच्या शाळेची भलामण करणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी नेण्यासारखे आहे.

धोरणाचा विपर्यास

या साऱ्याला २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाचा आधार असल्याचे वारंवार सांगितले जाते. धोरण मुळातून वाचणाऱ्याला तसे आढळत नाही. लहान शाळांच्या अडचणींची नोंद त्यात आहे. देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी असल्याचेही त्यात म्हटले आहे. परंतु त्यावर सुचवलेला मुख्य मार्ग शाळा-संकुलाचा आहे. एक माध्यमिक शाळा आणि तिच्या पाच ते दहा किलोमीटर परिसरातील अंगणवाड्यांसह सर्व लहान शाळा यांनी मिळून एक संकुल करावे. ग्रंथालय, प्रयोगशाळा, क्रीडासाहित्य, कलाशिक्षक, समुपदेशक यांचा सर्वांनी मिळून वापर करावा, असा तो विचार आहे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने तो मांडला आणि अर्धशतकाहून अधिक काळ तो कागदावरच राहिला.

संकुल आणि समूह शाळा यांतील भेद शब्दांचा नाही. संकुलात साधने आणि शिक्षक फिरतात, मूल आपल्या वस्तीवर राहते. समूह शाळेत साधने आणि शिक्षक एका जागी बसतात, मूल फिरते. निरगुडसरसारख्या मोठ्या गावाच्या शाळेतील विज्ञान शिक्षकाने आठवड्यातून एक दिवस भोवतालच्या चार वस्त्यांवर जावे. महिन्यातून दोनदा त्या वस्त्यांची मुले मोठ्या शाळेत येऊन एकत्र खेळावीत, स्नेहसंमेलनात एकत्र नाचावीत. यासाठी शाळा हलवावी लागत नाही. वेळापत्रक हलवावे लागते. मोठ्या माणसाने दुचाकीवरून पाच किलोमीटर जाणे सोपे, की सहा वर्षांच्या वीस मुलांनी? हा साधा प्रश्न परिपत्रकाच्या मसुद्यात कोणालाही पडला नसावा.

जालिंदरनगरचा धडा

आणि लहान शाळेत गुणवत्ता येऊच शकत नाही, हा समजही आता पुणे जिल्ह्यात तरी कोणी बाळगू नये. शेजारच्या खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत २०२२ मध्ये दत्तात्रय वारे गुरुजी रुजू झाले, तेव्हा पटावर अवघी तीन मुले होती. समूह शाळेच्या निकषाने ही शाळा पहिल्याच यादीत गेली असती. गुरुजींनी आणि ग्रामस्थांनी मिळून ती उभी केली. मोठी मुले लहानांना शिकवू लागली, पालक शाळेत येऊ लागले, पट शंभराच्या पुढे गेला. २०२५ मध्ये याच शाळेला जागतिक सर्वोत्तम शाळा पुरस्कारांत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला.

तीन हा आकडा पाहून जो अधिकारी त्या शाळेला कुलूप लावता, त्याला नियमाने कोणी दोष दिला नसता. पट हा शाळेच्या आजच्या प्रकृतीचा आकडा आहे, तिच्या आयुष्याचा नव्हे. तो पडला तर का पडला, याची चौकशी हवी.

दोष केवळ शासनाचा नाही

ही चौकशी प्रामाणिकपणे केली, तर बोट गावाकडेही वळते. सकाळी मंचरच्या दिशेने जाणाऱ्या पिवळ्या गाड्यांत गावातील सधन घरांची मुले बसतात. ज्यांचा आवाज ग्रामपंचायतीत चालतो, त्यांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत नाहीत. म्हणून छप्पर गळते, शिक्षकाची जागा वर्षानुवर्षे रिकामी राहते आणि कोणाचेच काही अडत नाही. स्वतःचे मूल इंग्रजी माध्यमाच्या गाडीत बसवायचे आणि शाळा बंद होणार म्हणताच मोर्चाच्या अग्रभागी उभे राहायचे, हा दुटप्पीपणा आहे. शाळेत राहिली आहेत ती शेतमजुराची, ठाकरवाडीची, ऊसतोड्याची मुले. त्यांच्या वतीने बोलणारे थोडे, आणि त्यांच्यासाठी थांबणारे त्याहून थोडे.

शिक्षक संघटनांचा विरोध योग्य आहे. पण तो केवळ पदे वाचवण्यापुरता राहिला, तर समाज त्यांच्यामागे उभा राहणार नाही. पट टिकवण्यासाठी संघटनेने काय केले, हेही सांगता आले पाहिजे. मोठ्या गावांच्या पुढाऱ्यांनाही एक मोह आवरावा लागेल. समूह शाळा आपल्या गावात आली की इमारत येते, निधी येतो, ठेके येतात, उद्घाटनाची कोनशिला बसते. शेजारच्या वाडीची शाळा मोडून आपल्या गावाची शाळा मोठी करण्यात भूषण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतेच्या मुलासाठी शाळा खेड्यात नेली. त्यांचा वारसा सांगणाऱ्या प्रदेशात शाळेचा प्रवास उलट दिशेने व्हावा, ही खेदाची बाब आहे. याच राज्याने २००० नंतरच्या दशकात अल्प मानधनावरील स्थानिक तरुण-तरुणींच्या बळावर ‘वस्तीशाळा’ चालवल्या आणि शाळा मुलाच्या दारी नेली. तेव्हा जे योग्य होते, ते आज अयोग्य कसे ठरले?

निर्णय कोणी करावा?

या वादातील सर्वांत गंभीर बाब वेगळीच आहे. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्या स्वाधीन झाल्या, त्या निर्णय गावाजवळ व्हावेत म्हणून. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. २०२३ चे परिपत्रक आले, तेव्हा या शाळांची मालक संस्था लोकप्रतिनिधींविना चालत होती. ज्या सभागृहात या प्रस्तावावर वादळी चर्चा व्हायला हवी होती, त्या सभागृहात बोलायला कोणी सदस्यच नव्हता. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातील वनवासी गावांना १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. त्या कायद्याचा गाभाच ग्रामसभेचा अधिकार हा आहे. गौण खनिजासाठी जिला विचारावे लागते, त्या ग्रामसभेला शाळेसाठी विचारू नये काय?

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. ग्रामसभेचा आणि शाळा व्यवस्थापन समितीचा लेखी ठराव असल्याशिवाय कोणतीही शाळा हलवू नये. जेथे पालक स्वखुशीने मोठी शाळा मागतील, तेथे आधी गाडी, सोबतीला मदतनीस आणि पावसाळ्यातील पर्यायी व्यवस्था एक वर्ष चालवून दाखवावी. वस्तीवरील शाळेला कुलूप त्यानंतरच. कमी पटाच्या शाळांतील रिक्त जागा प्रथम भराव्यात आणि शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून मोकळे करावे. शाळा-संकुलाचा विचार खरोखर मान्य असेल, तर फिरत्या शिक्षकांची पदे मंजूर करून त्याची सुरुवात याच तालुक्यात करून दाखवावी. आणि गावातील सरपंच, सोसायटीचे पदाधिकारी, कारखान्याचे संचालक यांनी आपल्या घरातील निदान एक मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत घालावे. पट वाढण्याचा इतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही.

हंगाम सुरू झाला की या तालुक्यात उसाच्या अगदी आडबाजूच्या मळ्यापर्यंतही ट्रॅक्टर पोहोचतो. रस्ता नसेल तर तो तात्पुरता केला जातो, कारण ऊस वेळेवर गाळपाला गेला पाहिजे, यावर सर्व पक्षांचे एकमत असते. त्याच मळ्यातील वस्तीपर्यंत एक शिक्षक पोहोचवणे ज्या व्यवस्थेला जमत नाही, तिने मुलांच्या पटाकडे बोट दाखवू नये.